एकाच काचेची पारख

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि वच्छलाबाई एकशेचौदावी काच सोड्याच्या गरम पाण्यात बुडवत होती. काच दहा-बारा मिनिटं पाण्यात राहिली की तिच्यावरचा पातळ थर सुटायला लागतो. मग अंगठ्यानं कडेपासून ढकलायचं. थर सायीसारखा गोळा होतो, आणि त्याच्याबरोबर माणसाचा चेहराही. उरते ती साधी काच. ती पुसून ओळीत उभी करायची. दुपारी फ्रेमवाल्याचा माणूस येऊन सगळ्या काचा घेऊन जाणार होता.

गुरुवार, १० फेब्रुवारी १९३८. जालन्यात सदर बाजारामागच्या गल्लीत, एका माडीवर, रामराव फोटोग्राफरांचा स्टुडिओ होता. रामराव दिवाळीच्या आधी वारले. मूलबाळ नव्हतं. पुतण्या धर्मराज परभणीला खजिन्यात कारकून होता. तो दोन दिवसांची रजा काढून स्टुडिओ मोकळा करायला आला होता. जुन्या काचा कोणाच्या कामाच्या नाहीत, धुऊन टाका, असं त्यानं वच्छलाबाईला सांगितलं होतं. धुण्याचं काम तिचंच होतं. अकरा वर्षं ती रामरावांच्या अंधाऱ्या खोलीत लाल कंदिलाच्या उजेडात काचा धूत आली होती. फरक एवढाच, की आजवर ती चेहरे राहावेत म्हणून धूत होती.

या कामामुळे तिला अर्धं जालना ओळखीचं होतं. मात्र उलटं. फोटो आधी काचेवर उमटतो, मग रामराव त्यावरून तो कागदावर छापायचे; काचेवर गोरा माणूस काळा दिसतो, काळे केस पांढरे होतात, कुंकवाच्या जागी फिकट ठिपका उरतो. वच्छलाबाई बाजारातून जाताना समोरच्या माणसाला मनातल्या मनात काळा करून ओळखायची. हा अडत्या, हा शाळेचा मास्तर, ही त्याची दुसरी बायको. त्यांच्यापैकी कोणी तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. फोटो काढायला आलेल्या माणसाला पुढची खोली दिसते. मागच्या खोलीत कोणी आहे हे त्याला माहीत असायचं कारण नसतं.

ती भोकरदनकडच्या धावड्याची, मेंढपाळाच्या घरची. नवरा बिरू मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. मूल नव्हतं. तिशीच्या आत ती जालन्याला आली, आता चाळिशी उलटली होती. स्टुडिओच्या जिन्याखालची खोली रामरावांनी तिला राहायला दिली होती. धर्मराजनं माडीची चावी मालकाला परत द्यायचं ठरवलं होतं, पण खोलीचं भाडं तिनं वेगळं भरलं तर मालक तिला राहू देणार होता. नाहीतर धावड्याला कारभारी नावाचा भाऊ होता. त्यानं निरोप धाडला होता की बहिणीला भाकरी जड नाही, शेणागोठ्याला माणूस लागतंच.

त्या दारात उभं राहायचं नाही, एवढं वच्छलाबाईनं ठरवलं होतं. तिच्या गळ्यात चांदीची सरी होती आणि पायात तोडे. दुसरं काही नव्हतं. ते देऊन रामरावांचा कॅमेरा घ्यायचा, असं तिनं आदल्या दिवशी धर्मराजला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग तिनं कारण सांगितलं. जालन्यात पडदा पाळणारी घरं कमी नव्हती. मुसलमान जहागीरदारांची होती, देशमुखांची होती. वर्षाला दहा-वीस निरोप यायचे, की घरातल्या बाईचा फोटो हवा आहे, पण परपुरुषासमोर बसायची नाही. रामराव त्यांना हात जोडायचे. समोर बाईच असेल तर त्या बसतील, असं वच्छलाबाईचं म्हणणं होतं. धर्मराज हसायचा थांबला. पण औरंगाबादचा एक व्यापारी दुपारच्या गाडीनं हेच सामान बघायला येणार होता. गाडीच्या आधी काय ते ठरवा, असं त्यानं बजावलं.

दहाच्या सुमाराला छताच्या काचेतून उजेड सरळ खाली आला. धर्मराजनं सामान मांडलं. सागवानी पेटीचा कॅमेरा, त्याची चामड्याची घडीची नळी, तीन पायांचा स्टँड, काळं कापड, काच ठेवायचे तीन लाकडी खण. आणि भिंगं दोन. एक पितळी, मुठीएवढं, घासून लखलखीत केलेलं. दुसरं लहान, काळपट, कडेला घासलेलं. धर्मराज मोठं भिंग हातात घेऊन बोलत होता. ते विलायतेचं होतं.

वच्छलाबाईनं लहान भिंग उचललं. तिनं ते उजेडाकडे धरलं, फिरवून पाहिलं, पदरानं पुसलं. गेल्या सात वर्षांत धुतलेली एकूण एक काच याच भिंगातून आली होती, हे तिला ठाऊक होतं. मोठ्या भिंगाच्या काचांवर चेहरा बरा यायचा, पण कान धुकट व्हायचे. लोक तक्रार करायचे, म्हणून रामरावांनी ते कापडात गुंडाळून ठेवलं होतं. धर्मराजला हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही.

भिंगाची खात्री होती. पेटीची नव्हती. ती दिवाळीपासून पावसाळी ओल धरलेल्या कपाटात होती. चामड्याला चीर पडली असेल, उंदरानं कुरतडलं असेल, तर आत उजेड शिरणार आणि काच वाया जाणार. चालवून पाहिल्याशिवाय मेंढी घ्यायची नाही, हे तिला बापानं शिकवलं होतं. कोऱ्या काचांच्या डब्यात एकच काच उरली होती. तिच्यावर एक फोटो काढून पाहायचा, मग सरी उतरवायची.

"मी बसतो की खुर्चीत," धर्मराज म्हणाला. "त्यात काय."

"इकणाऱ्यानं जनावराला हात लावायचा न्हाई, मालक. पारख होईस्तोवर लांब उभं राह्याचं."

"मी काय मेंढीवाला हाय का?"

"आज हाव तुम्ही."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वच्छलाबाई गिऱ्हाईक शोधायला जिना उतरली.

कोपऱ्यावर सगुणाबाई कासारीण बांगड्यांचं दुकान मांडत होती. तिचा फोटो रामरावांनी दोनदा काढला होता. फोटो फुकट आहे, घटकाभर वर येऊन बसा, असं वच्छलाबाईनं सांगितलं.

"फुकट?" सगुणाबाईनं बांगड्यांची माळ खाली ठेवली. "काय बिघडलंय त्या डब्याचं?"

बिघडलंय की नाही तेच बघायचं आहे, हे वच्छलाबाईनं खरं खरं सांगितलं. मग ओळख पटावी म्हणून म्हणाली, की तुमच्या डाव्या गालावरचा तीळसुद्धा मी जपून धुतला आहे.

सगुणाबाईनं उजव्या गालाला बोट लावलं. "माझा तीळ हिकडं हाये, बाई. कोणाची वळख घेऊन आलीस? राह्यती कुठं तू?"

"जिन्याखाली. अकरा वर्षं झाली."

"या जिन्याखाली?" सगुणाबाईनं जिन्याकडे पाहिलं आणि पुन्हा माळ उचलली. गिऱ्हाइकाची वेळ आहे, म्हणाली.

समोरच्या घरातल्या सोनूबाईला सातवा महिना होता. फोटोत पोटातल्याची सावली काढून घेतात म्हणून तिनं दार अर्धंच उघडलं आणि तेवढंच लावून घेतलं. तिसऱ्या दारात वच्छलाबाई उभी राहिली, पण कडी वाजवली नाही. त्या घरातल्या सगळ्यांना ती चेहऱ्यानं ओळखत होती आणि एकाचंही नाव तिला ठाऊक नव्हतं.

वर आल्यावर तिनं धुवायच्या ढिगातून सगुणाबाईची काच काढली. थर वर ठेवून पाहिलं तर तीळ डाव्या गालावर होता. काच उलटी केली, तीळ उजव्या गालावर गेला. धुताना थर वरच ठेवावा लागतो. म्हणजे अकरा वर्षं तिनं सगळ्यांचं डावं-उजवंही उलटंच पाहिलं होतं. तिनं काच ढिगात परत ठेवली.

धर्मराज घड्याळ बघत होता. "कोणी आलं न्हाई? मंग तुम्हीच बसा. भिंगाची टोपी मी काढतो. अकरा वर्षं हितं काढली, तुमचा एक फोटो न्हाई."

ते खरं होतं. 

"मी बसले तर बघंल कोण?" ती म्हणाली.

ती खाली जाऊन आपली घोंगडी घेऊन आली. धावड्याची, काळ्या लोकरीची, काठाला करडा पट्टा. ती तिनं खुर्चीच्या पाठीवर आणि बैठकीवर नीट पसरली, सुरकुत्या मोडल्या. घोंगडीचा धागा न् धागा तिच्या ओळखीचा होता. भिंग आणि पेटी खरी असतील तर धागे मोजता यावेत.

मग ती काळ्या कापडाखाली शिरली. कॅमेऱ्यामागून तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. मागच्या दुधी काचेवर खुर्ची खाली डोकं वर पाय अशी लटकलेली दिसली. त्याचं तिला काही वाटलं नाही, उलट्याची सवय होती. पण घोंगडी काळी होती. भिंत पांढरी होती. काळं ते काळंच दिसत होतं, याची तिला सवय नव्हती. ती कापडाखाली गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली.

नळी मागेपुढे करून तिनं घोंगडीचा काठ रेखीव केला, भिंगाला टोपी लावली, काचेचा खण बसवला. किती वेळ टोपी काढायची, हे तिला पाठ होतं. रामराव मोठ्यानं मोजायचे आणि लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे तिला ऐकू यायचं. माघात, दहाच्या उन्हात, दहा आकडे. तिनं टोपी काढली आणि रामरावांच्याच चालीत एक ते दहा मोजले. टोपी लावली.

अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या ताटात, काच फार लवकर काळी व्हायला लागली. चित्र हळूहळू वर यायला हवं होतं. ते धावत आलं. तिनं काच ओढून पाण्यात टाकली, दुसऱ्या औषधात घातली, पुन्हा धुतली. बाहेर आणली तेव्हा भिंतीचा आणि खुर्चीच्या लाकडाचा पत्ता नव्हता. सगळं काळं, दाट.

"गळतीये पेटी," धर्मराज म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. त्याला दुपारच्या व्यापाऱ्याची आठवण झाली असावी.

 वच्छलाबाईचा हात गळ्यातल्या सरीवर गेला होता, तो तिनं खाली घेतला. काच छताच्या उजेडाकडे धरून तिनं आधी कडा पाहिल्या. खणाच्या खाचेत दाबलेली करंगळीच्या नखाएवढी कड चारही बाजूंनी पाण्यासारखी स्वच्छ होती. पेटी गळकी असती तर उजेड पसरून कडासुद्धा धुरकटल्या असत्या. असल्या काचा तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. उजेड जास्त झाला होता, पण तो भिंगातूनच आला होता.

"रामराव किती मोजायचे?" तिनं विचारलं.

"दहा."

"मी बी दहाच मोजले. टोपी कव्हा काढायचे ते?"

धर्मराज विचार करायला लागला. लहानपणी तो काकांसमोर कितीतरी वेळा बसला होता. "साताला," तो म्हणाला. "पहिले सहा नुसतेच म्हणायचे, माणूस थिर व्हावा म्हणून. मला डोळे मिचकवायची खोड व्हती."

वच्छलाबाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. फळीपलीकडून आकडे ऐकू येत होते, हात दिसत नव्हता.

तिनं काच पुन्हा वर धरली. भिंत गेली होती, लाकूड गेलं होतं. तिथं गोरा चेहरा असता तर तोही गेला असता. पण घोंगडी काळी होती, आणि काळ्यानं जास्तीचा उजेड पचवला होता. आडवा धागा, उभा धागा, करड्या पट्ट्यापाशी विणकरानं मारलेली गाठ. कडेपासून मधोमध आणि मधोमधपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती धागे मोजत गेली. कुठे धुकट नव्हतं.

तिनं सरी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. खाली बसून तोडे काढायला मात्र वेळ लागला, ते लग्नापासून निघाले नव्हते. पेटी, लहान भिंग, खण, कापड आणि स्टँड माझे, मोठं भिंग व्यापाऱ्याला द्या, असं ती म्हणाली. का, असं धर्मराजनं आता विचारलं. विचारल्यावर खोड लपवायची नाही, म्हणून तिनं कानांचं सांगितलं. त्यानं मोठं भिंग उचलून उजेडाकडे धरलं.

व्यापारी आला, मोठं भिंग पाहून खूश झाला. धर्मराजनं त्याला कानांची गोष्ट सांगितली की नाही, हे वच्छलाबाईनं ऐकलं नाही. ती उरलेल्या काचा धूत होती. चारला फ्रेमवाल्याचा माणूस सगळ्या काचा घेऊन गेला. संध्याकाळच्या गाडीआधी धर्मराजनं माडीला कुलूप लावलं. टांग्यात बसताना त्यानं विचारलं, पहिला फोटो कोणाचा काढणार? तिनं सांगितलं की गावातल्याच कादराबाद भागातल्या एका देशमुखांचा निरोप आश्विनात आला होता. सुनेचा फोटो हवा होता. त्यांनी अजून कोणाकडून काढून घेतला नसेल तर.

खोलीत कॅमेरा उभा केल्यावर चालायला जागा उरली नाही. दार उघडं ठेवून तिनं तो गल्लीकडे वळवला आणि कापडाखाली जाऊन पाहिलं. समोरच्या घराचं बंद दार उलटं दिसत होतं. मावळतीला उजेड गेला तसं तेही दिसेनासं झालं. तिनं टोपी लावली, खण उघडून तपासले. तिन्ही रिकामे होते.

कोऱ्या काचांपुरती धुण्याची मजुरी तिच्या पदराला बांधलेली होती; त्या जालन्यात एकाच दुकानात मिळतात. उद्या शुक्रवार. आठवड्याच्या सुटीचा दिवस, सरकारी कचेऱ्या बंद, आणि ते दुकान जुम्म्याच्या नमाजानंतर, अडीच वाजता उघडतं.