विचारून हात लावणाऱ्या ताई

गंगापूर रोडच्या मागे, द्राक्षबागेला लागून, पत्र्याच्या दोन खोल्यांत ताईंची शाळा भरायची. "मुलाच्या आतही देवघर असतं, तिथं चपला घालून शिरू नये," एवढंच त्या आम्हा पालकांना सांगायच्या. डोक्यावरून हात फिरवायचा तरी आधी विचारायच्या, "फिरवू का?" मूल नाही म्हणालं तर "बरं" म्हणून पुढे जायच्या. मला ते जरा अतीच वाटायचं.

दुसरीतल्या माझ्या मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवून मी दाखला मागायला गेलो. ताईंनी तो लिहिला आणि सही करण्याआधी तिला विचारलं, "जायचंय ना तुला?"

"नाही."

ताईंनी पेनाला टोपण लावलं. "समजावून आणा तिला. घाई नाही."

मी समजावलं नाही. घरी नेऊन मारलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा विचारलं. मुलगी माझ्याकडे बघत "हो" म्हणाली. तिच्या गालावरचा वळ ताईंना दिसला. त्यांनी सही केली. मग हात पुढे करून हळूच विचारलं, "डोक्यावरून फिरवू का?"

मुलगी माझ्याकडेच बघत, त्याच आवाजात "हो" म्हणाली.

ताईंनी हात मागे घेतला.