गोऱ्या मास्तरचा पोळा

पोलीस अ‍ॅक्शननंतरही करमाडलाच राहून शेती करणारा, शाळा चालवणारा आमचा इंग्रज मास्तर आम्हा पोरांना अरेतुरे करायचा अन् बैलांना अहोजाहो. ऐन पोळ्यादिवशीच शाळेची मंजुरी ठरवणारे साहेब रेल्वेनं आले. स्टेशनावर मास्तर गाडी घेऊन हजर, पण बैलच नाहीत!

"बैल कुठायत?"

"आज त्यांच्या खांद्यावर जू ठेवत नाय, साहेब. बसा तुमी!"

मास्तरनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि गाडी अशी उधळली, की साहेबांची टोपी उडून थेट जालन्याला पोचली.

"थांबा! सही करतो!" साहेब किंचाळले.

संध्याकाळी बाया बैलांना ओवाळायला निघाल्या, तेव्हा माझी आजी म्हणाली, "आधी मास्तरला ओवाळा गं. त्यो लई दमलाय!"