अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि मी कसा माणूस? आमच्या शेळीला जुळं झालं तर मुरुडपर्यंत सात पिल्लांची बातमी पोचवणारा. जिल्हा नवा झाला तेव्हा अख्खं लातूर मीच उजळलं, असं सांगत फिरायचो. होतो साधा वायरमन. आयुष्यभर एवढी बडबड केली — ती कशावर माती लोटायला?

दुष्काळाचं साल होतं. नळ कोरडे, टँकर आला तर आला. कुंपणापलीकडं सुदाम राहायचा, देगलूरहून नव्या कचेरीत बदलून आलेला कारकून. बायको रत्ना बाळंतीण, त्याची आई सखूबाई सोबतीला. थंडी लई पडलेली. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आपली रीत, पण धुरानं लेकरू खोकून राहिलं होतं. म्हणून सुदाम मला घेऊन पंख्याचा हीटर आणायला गेला.

दुकानात मी काय काय फेकलं! हा इथं लावला तर उदगीरला घाम फुटतो, म्हणालो. तरी निवडला नीट — जाड वायरचा, तीन पिनांचा, फार तापला की आपोआप बंद पडणारा. गोधडीपासून लांब ठेवा, ओला हात लावू नका, हेही बजावलं. पण हीटरचं अंग पत्र्याचं. अर्थिंग बघायलाच हवं होतं.

बघितलं. टेस्टचा बल्ब काजव्यासारखा मिणमिणला — म्हणजे अर्थिंग नावालाच. घरामागचा मीठ-कोळशाचा खड्डा ठणठणीत वाळला होता. त्यात ओल नसली की बिघडलेल्या हीटरचा करंट जमिनीत उतरत नाही — माणसात उतरतो. मी बादलीभर पाणी मागितलं.

सखूबाईंनी आधी रांजणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लेकराच्या जिवासाठी हाय ना? मग घे, बापू." रांजण तिरपा करून त्यांनी बादली भरली.

मी मागं गेलो. त्या दिवशी आमच्या घरी — नको. ते सांगितलं तर सबब होईल. खड्ड्याच्या तोंडाशी तांब्याभर ओतलं, ओलं दिसावं एवढंच. बाकीचं कुंपणावरून आमच्या हंड्यात. रिकामी बादली परत देताना वर म्हणालो, आता वीज कोसळली तरी भ्या न्हाई.

हीटर काही दिवस छान चालला. मग आतली वायर जळून पत्र्याला टेकली. सखूबाई लंगोट पिळून उठल्या, हीटर बाळापासून जरा सरकवायला गेल्या, अनवाणी. चिकटल्या त्या सुटल्याच नाहीत. सुदामनं बटण बंद केलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

माणसं जमली. असं कसं झालं, कुणीतरी मलाच विचारलं. मीच जाणकार ना? तोंड आपसूक चाललं — ओला हात लागला, दुसरं काय.

रत्ना तिथंच होती, लेकराला छातीशी धरून. "लंगोट मीच धुवायला सांगितले होते, भाऊजी," एवढंच बोलली.

तेव्हा बोलायचं होतं. शेळीच्या पिल्लांबद्दल गावोगाव बोलणारं तोंड — कुठं गेलं होतं?

हात ओला होता, हे खरं. खड्डा कोरडा होता, हे फक्त मला ठाऊक होतं.

ते लेकरू आता स्वतः लेकुरवाळं आहे. रत्ना अजून तिथंच राहते. अंगणात भांडी घासून उठली की पदराला हात पुसते. कोरडे झाले तरी पुसत राहते. मी कुंपणाच्या अलीकडून बघतो.