मोहाखालचा निखारा

“बाबा, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा,” डॉक्टर म्हणाले. मी डोळे मिटून बसलो. हा अजून कापूस काऊन लावत नाई, म्हणून रागानं डोळे उघडले, तं कापूस माझ्या पावलावरच होता.

“लेप्रसी आहे.”

लेप्रसी म्हणजे महारोग. नाव ऐकूनच बाकावरचे लोक उठून गेले.

घरामागच्या वाडीत आमचं मोहाचं झाड आहे. फागुनात आम्ही त्याच्याखालचा पाला जाळतो, म्हणजे साफ जमिनीवर फुलं वेचता येतात. मागच्या वर्षी पाला जाळला, अन् सकाळी पाहतो तं फुलांचा सडा. पिवळी, रसानं भरलेली. बाजूची लिंबूणही फुलली होती. मी अनवाणी उभा राहून वास घेत होतो.

बायको दारातून ओरडली, “जी, मास जळल्याचा वास कुठून येऊन राह्यला?”

“तुले फुलाचा वास समजत नाई वो!”

राखेत निखारा होता. माझी टाच त्याच्यावर होती.

तरी मी चावडीवर पाय दाखवून मिरवलं, की कास्तकाराचं कातडं आहे, आगीले भीत नाई. बायको दवाखान्यात चला म्हणे, मी ऐकलं नाई. जखमेत किडे पडले तेव्हा बैलगाडीत पडून चांद्याच्या दवाखान्यात गेलो.

तिथं स्मिअर घेतला, म्हणजे कानाची पाळी खरडून त्यातला रस काचेवर पुसला. डॉक्टर म्हणाले, “गोळ्यांनी रोग थांबेल. पायाचं आठ दिवसांनी सांगतो.” नवव्या दिवशी अॅम्प्युटेशन केलं, म्हणजे पाय घोट्यावरून कापला.

यंदा मोहाखाली शेजारची एकही बाई आली नाई. बायकोनं एकटीनं टोपली भरली अन् माझ्या खाटेवर ओतली. “कचरा निवडा जी. हात तं शाबूत आहेत.” निवडता निवडता मी वास घेतला. फुलांनी मले वाळीत टाकलं नाई.

ज्याले काटा टोचत नाई, चटका लागत नाई, त्यानं फुशारकी मारू नये. पोळणं ही देवाची मेहेरबानी आहे.

रोज सकाळी बायको माझ्या एकेका बोटाले कापूस लावते. काल करंगळीले काईच समजलं नाई. “लागला,” असं ओठावर आलं होतं. मग तिले खरं सांगितलं.

तिनं फुलं वाळत घातली. उद्या गाडी जुंपून चांद्याले निघतो.