रेणापूरच्या वळणावरचा बैल

आमच्या घरात 'दमलो' हा शब्द शिवीपेक्षा वाईट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निलंगा डेपोत जन्मभर एसटी चालवली, पण दमलो म्हणून कधी बसले नाहीत. एकदाच त्यांची गाडी रेणापूरच्या वळणावर खड्ड्यात गेली. बैल आडवा आला होता. मुक्या जिवाला वाचवलं म्हणून गावानं त्यांना फेटा बांधला. गाडीतल्या कंडक्टरकाकांचा पाय मात्र कायमचा अधू झाला. त्या बैलाची गोष्ट ऐकत मी वाढलो आणि पुढं विमान चालवायला लागलो.

ही गेल्या येळवशीची गोष्ट. चार दिवस पहाटेची विमानं उडवून मला एक दिवस सुट्टी मिळाली होती. नियमानं ती झोपेसाठी असते. पण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं घरांना कुलपं लागतात, सगळं गाव पिकाची पूजा करायला रानात जातं. त्या दिवशी हैदराबादच्या फ्लॅटात घोरत पडलो असतो तर मला माणूस कोण म्हणालं असतं! अंधारातच गाडी काढली आणि निलंगा गाठलं. दिवसभर कडब्याच्या कोपीपुढं पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, तांब्यावर तांबे आंबील. कंडक्टरकाका दरवर्षीसारखे लंगडत आले. अण्णांनी दरवर्षीसारखं पहिलं ताट त्यांना स्वतःच्या हातानं वाढलं. मला वाटायचं, दोस्ती असावी तर अशी.

वर मी कबूल करून बसलो होतो, उद्या अण्णांना माझ्याच विमानातून नांदेडला नेतो. ते पहिल्यांदाच विमानात बसणार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं परत हैदराबादच्या रस्त्याला लागलो. अण्णा शेजारी ताठ बसलेले, नवं धोतर, मांडीवर भज्जीचा डबा.

"दमला का रं?" त्यांनी विचारलं.

"छ्या! दमायला काय झालं?"

विमानतळावर डोळ्यांवर पाणी मारताना मनात आलं, एक फोन करावा, आज जमत नाही म्हणून सांगावं. तेवढा हक्क पायलटला असतो. पण बाहेर अण्णा दिसेल त्याला सांगत सुटले होते, "पायलट माजा पोरगा हाय." आता कुठल्या तोंडानं फोन करणार? माझी को-पायलट लातूरची पोरगी. तिनं विचारलं, "सर, झोप झाली?" मी म्हणालो, "फर्स्टक्लास." खोटारडा कुठला!

नांदेडला उतरताना भर दुपार होती, आभाळ स्वच्छ. खाली गोदावरी, समोर धावपट्टी. पुढचं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि अजून अंगावर काटा येतो तो त्याचाच. डोळे उघडे होते म्हणे, हातही जागेवर होते. "सर, स्पीड," ती म्हणाली. मी गप्प. "सर, स्पीड जास्त आहे!" मी गप्पच. दोनदा सांगून कॅप्टन बोलला नाही तर शेजारच्यानं विमान ताब्यात घ्यायचं, असा आमचा नियम. पण मोठ्या माणसाला उलटून बोलू नये, हेही आमच्याकडं पोरींना लहानपणापासून शिकवतात. त्या पोरीनं ती शिकवण गुंडाळून ठेवली.

"आय हॅव कंट्रोल!" ती ओरडली, तेव्हा मी जागा झालो.

अर्धी धावपट्टी पोटाखालून निघून गेली होती. चाकं अजून अधांतरी, आणि समोर कुंपण. इंजिनं किंचाळली, तिनं विमान वर उचललं. मागं साठ-सत्तर माणसं बसली होती आणि त्यात माझा बाप होता. दुसऱ्या फेरीत तिनंच उतरवलं. मी नुसते वेग-उंचीचे आकडे वाचले.

इंजिनं थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, रिपोर्टमध्ये कारण म्हणून वारा लिहू का? तुमचे वडील हायेत सोबत." मी मान हलवली. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अण्णा शिडीखाली थांबले होते. "दोनदा का रं उतरवलं?"

"वारा होता, अण्णा."

त्यांनी धावपट्टीकडं पाहिलं. वारा दाखवणारी केशरी पिशवी खांबाला गपगार लोंबत होती. अण्णांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"रेणापूरच्या वळणाला बैल न्हवता," ते म्हणाले.

"मग?"

"माजा डोळा लागला होता. बैल मी मागनं उभा केला. कुणाला सांगितलं न्हाई, कंडक्टरलाबी न्हाई. तवापासनं त्याचं ताट वाढून राहिलो."

मला रडू फुटलं, तिथंच, सामान उतरवणाऱ्या माणसांसमोर. अण्णांनी पाठीवर हात ठेवला नाही, तसले लाड ते करत नाहीत. "जा," एवढंच म्हणाले.

मी वर गेलो. ऑफिसला फोन लावून सांगितलं, दमलोय, परतीचं विमान नेणार नाही. परतीचे प्रवासी खोळंबले होते. मला शिव्या घालणार होते, घालू देत. मग पोरीच्या हातातून कागद घेतला. कारणाच्या रकान्यात तिनं 'वारा' लिहून ठेवलं होतं. मी ते खोडलं आणि खाली लिहिलं: वारा नव्हता. मी झोपलो होतो.