मैनाचे पाय

दहिवलीच्या लडकूला सकाळी कारखान्यात जाण्याआधी एक गोष्ट केल्याशिवाय चैन पडत नसे. त्याच्या बायकोला, मैनाला, आठवा महिना लागलेला. ती चुलीपाशी बसलेली असायची आणि हा तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरायचा, मग उचलून बघत राहायचा. खळगा भरून आला की उठायचा. दारापर्यंत जाऊन पुन्हा फिरायचा, दुसरा पाय बघायचा राहिला म्हणून.

हे त्याला नर्सबाईंनी शिकवलं होतं. खळगा राहिला आणि डोकं दुखायला लागलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. पहिल्या खेपेला मैनाच्या अंगावर सूज चढली तेव्हा घरातले म्हणाले, गर्भारपणात पाय सुजायचेच. मूल पोटातच गेलं, मैनाही जेमतेम हाती लागली. तेव्हापासून देवापुढे हात जोडतानासुद्धा लडकूचं निम्मं लक्ष तिच्या पावलांकडे असे.

एका सकाळी त्याची आई गौराबाई कळशी घेऊन आत आली ती दारातच थबकली.

"अरं मेल्या! बायकोच्या पाया पडतोस?"

"पडत नाय गं आये, सूज बगतोय."

"आन् कोनी बगितलं म्हंजे?"

बघितलंच होतं. शेजारच्या गोदूबाईने विहिरीवर विचारलं, "काय गं मैना, आशीर्वाद काय दिलास नवऱ्याला?" बायका खिदळल्या.

मैनाला हसण्याचं काही वाटलं नाही, पापाचं वाटलं. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, तोही पोटात जीव असताना! पहिलं लेकरू अशाच कशाने गेलं असेल, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो बसला की ती लुगडं ओढून पाय झाकायची.

"बरे हायत पाय. जावा तुमी, गाडी चुकंल."

तो जायचा, पण जीव घरी टांगलेला. दोनदा मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एका दुपारी अर्धी पाळी टाकून घरीच आला. मैना भिंतीला टेकलेली, कपाळावर ओला फडका.

"डोकं दुखतंय?"

"जरासं. डोळ्यांम्होरं काजवे येतात."

"पाय दाव."

"नको वो. माज्या लेकराला पाप लागंल."

"माज्या डोक्यावर घेतो पाप. दाव, मैना!" त्याचा आवाज फाटला. ती हलेना.

गौराबाई चुलीपासून उठली. "सर रं. बाईनं बाईला हात लावायला कसलं पाप?" तिने लुगडं सारलं, अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. तिने दुसरा पाय जोरात दाबला. तोही तसाच.

"लडक्या, गजाचा टेंपो आन. पळ!"

टेंपोत लडकूने दोन्ही पाय मांडीवर घट्ट धरले. "लोक बगतात," मैना पुटपुटली. गोदूबाई तर दारातच उभी. गौराबाई टेंपोतून ओरडली, "बगतेस काय? देव पान्यात घालून बस!"

कर्जतच्या दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढली. मूठभर जीव, पण रडणं खणखणीत. तिला आजीने छातीशी धरलं. मैनाने डोळे उघडेपर्यंत लडकू मात्र खाटेशी उभाच. गौराबाईने स्टूल पुढे सरकवलं तरी बसला नाही.