आधी एक पोतं

"आधी एक पोतं शिवते, मंग चहा."

मावशींचं हे वाक्य आमच्या अंगवळणी पडलं होतं. चहाची किटली दिसली की आम्हीच ओरडायचो, "मावशी, पोतं!" मालकाचा चहा फुकट प्यायचा नाही, हा त्यांचा नेम. दाभणात सुतळी ओवायची, सोयाबीनच्या पोत्याचं तोंड शिवायचं, दातानं सुतळी तोडायची आणि मगच निवलेला चहा एका घोटात संपवायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल बघा. त्याची चेष्टा तर करावी, पण मनातून वचकून असावं. मी काट्यावर मालाचं वजन करायचो. एकदा म्हटलं, "मावशी, एक दिवस तसाच प्या की! काय जीव जातो का?"

"जीव न्हाई जात रे बाबा. पण बिनकामाचं मला पचत न्हाई."

आमचा कारखाना हिंगोलीकडच्या गोरेगावचा, लहानसाच. सोयाबीन चाळायचं, पोत्यात भरायचं, गाडी लावून द्यायची. पोती शिवायला गावातल्याच बाया, आणि एकही मावशींच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यांच्या पगारातला अर्धा वाटा एका योजनेतून सरकार द्यायचं. तो मालकाकडे यायचा, मालकानं त्यात आपला अर्धा घालून पगार करायचा. एके सकाळी मॅनेजरनं सगळ्या बायांना अंगणात बोलावलं.

"शिवायची मशीन येऊन राहिली. तुमची नोकरी आता महिनाभरच. ही नोटीस समजा."

 त्यांच्यातल्या सखूनं तर तिथंच हात जोडले. आदल्या दिवशीपर्यंत हाच माणूस सगळ्यांना ताई-माई करत होता हो! मग तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "बरं, काम तर आजपासूनच न्हाई. आता महिनाभर घरी बसून फुकटचा पगार कोणाकोणाला पाहिजे, सांगा?"

हे विचारताना तो बघत होता फक्त मावशींकडे.

"आमी बिनकामाचं खात न्हाई!" मावशी कडाडल्या. दाभण कमरेला खोचलं आणि तडक फाटकाबाहेर. त्यांच्या मागं सगळ्या बाया. मला तर वाटलं, वा रे वाघीण!

काही दिवसांनी माझ्याच कामासाठी हिंगोलीला कामगार कार्यालयात गेलो होतो. तिथले साहेब सहज म्हणाले, "तुमच्याकडच्या बायांचा सरकारी वाटा या महिन्याचाही गेलाय बरं का."

"साहेब, त्या तर घरी बसल्यात. पगार सोडून गेल्या."

"अहो, मालकानं तर त्या कामावर आहेत असं कळवलंय. आणि नोटीसचा महिना नोकरीतच धरतात. मालकानं काम देवो न देवो, पगार पूर्ण द्यावा लागतो."

 सरकारला सांगायचं बाया कामावर आहेत, आणि बायांना विचारायचं, फुकटचा पगार पाहिजे का! मावशींचा स्वभाव ओळखून, त्यांच्याच तोंडून सगळ्यांना पगार सोडायला लावला होता त्या मॅनेजरनं. परतीची जीप धरली आणि थेट मावशींचं घर गाठलं.

मावशी दारात तूर पाखडत होत्या. सगळं सांगितलं. हातातलं सूप तसंच राहिलं.

"म्हंजी माझ्या तोंडानं गेला व्हय बायांचा पगार?"

मी मान हलवली.

"त्या सखूच्या लेकराचं दवाखान्यात चालू हाय रे. तिनं माझं ऐकून सोडला." त्यांनी पदर तोंडात कोंबला. मावशींना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकासमोर सगळ्या बाया बसलेल्या, पुढं मावशी, हातात दाभण. मॅनेजर धावत आला. "काहून आले? काम न्हाई म्हटलं ना!"

"आमी कामाला आलो. देणं न देणं तुमच्याकडं. पगार मात्र पुरा घेणार."

त्या रोज येऊन बसल्या. मी साहेबांना कळवलं होतंच. महिना सरता सरता ते स्वतः आले, मालकाला समोर बसवलं, आणि बायांचा पूर्ण पगार अंगणातच वाटला गेला. सखू तर पैसे पदरात बांधून थेट दवाखान्याकडंच पळाली.

मग मालकानं साहेबांसाठी चहा मागवला, लाजेकाजेस्तव बायांनाही. किटली आली. सवयीनं माझ्या ओठांवर आलं होतं, "मावशी, पोतं!" कोपऱ्यात पोती होतीही.

मावशींनी पोत्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. गरम चहाचा ग्लास उचलला आणि घोट घोट करत सगळा प्यायल्या.  मला तर नोटीसच्या दिवशीही एवढा धक्का बसला नव्हता.

जवळ जाऊन हळूच विचारलं, "पचला का, मावशी?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पण पेले."

दाभण माझ्या टेबलावर ठेवलं आणि जीप धरायला निघाल्या. लेकीकडं कळमनुरीला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.